पिवळा दाखला

परदेशी निघालेल्या माणसाच्या घरातले शेवटचे काही आठवडे कसे जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते निराळे सांगावयास नको. पासपोर्ट येतो, विद्यापीठाचे प्रवेशपत्र येते, व्हिसाची धाकधूक एकदाची संपते, बँकेतून परकीय चलनाची सोय होते. वडील गरम कपड्यांची चिंता करतात, आई मेतकूट आणि लिंबाचे लोणचे कशात बांधून द्यावे या विवंचनेत असते, आणि शेजारीपाजारी निरोपाच्या जेवणाची निमंत्रणे देत असतात. या गडबडीत एक काम बहुधा यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसते. ते म्हणजे लस टोचून घेण्याचे. त्यात काय आहे, एक दिवस सकाळी जाऊन दंड पुढे करावयाचा की झाले, अशी बहुतेकांची समजूत असते.

ही समजूत किती महाग पडू शकते हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. एक तरुण अभियंता नोकरीसाठी युगांडात, कंपाला येथे, निघाला आहे अशी कल्पना करावी. त्याचे विमान गुरुवारी पहाटे सुटणार आहे. सोमवारी तो लसटोचणीच्या केंद्रावर जातो. डॉक्टर त्याला पीतज्वराची लस टोचतात, पिवळ्या रंगाची एक पुस्तिका भरून हाती देतात, आणि सांगतात की हा दाखला आजपासून दहा दिवसांनी ग्राह्य होईल. तरुण गोंधळतो. विमान तर तीन दिवसांवर आले आहे. तो विनवणी करतो, तिकीट दाखवतो, कुणाची तरी ओळख सांगतो, आणि अखेर दबक्या आवाजात सुचवतो की तारीख थोडी मागची घातली तर कुणाचे काय बिघडणार आहे? डॉक्टर नकारार्थी मान हलवतात. तिकीट बदलावे लागते, पैसे जातात, रुजू होण्याचा दिवस पुढे ढकलावा लागतो, आणि घरची मंडळी सरकारी नियमांच्या नावाने बोटे मोडतात.

वस्तुतः यात नियमाचा दोष काहीच नाही. कचेरीतले काम निकडीने, वशिल्याने किंवा रात्रपाळी करून लवकर उरकता येते. रक्तातले काम तसे उरकता येत नाही. लस टोचल्याच्या क्षणी माणूस सुरक्षित होत नाही; त्या क्षणी त्याच्या शरीराला फक्त शत्रूची वर्दी मिळते. ती वर्दी ओळखणे, तिच्या विरुद्ध लढणारी प्रतिकारद्रव्ये तयार करणे आणि ती पुरेशा प्रमाणात रक्तात खेळती ठेवणे, या कामाला शरीर आपला वेळ घेते. पीतज्वराच्या लशीच्या बाबतीत असे आढळून आले आहे की दहा दिवसांच्या आत ८० ते १०० टक्के लोकांत संरक्षक प्रतिकारशक्ती निर्माण होते, आणि तीस दिवसांत ती ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत आलेली असते. दाखल्यावरचे दहा दिवस आले ते येथून. दाखल्यावरची ही तारीख कचेरीची नसते, शरीराची असते, एवढे एकदा लक्षात घेतले म्हणजे परदेशगमनापूर्वीच्या लसटोचणीचे सारे शास्त्र निम्म्याहून अधिक समजले असे म्हणावयास हरकत नाही.

रोग हा माणसाबरोबर प्रवास करतो, हे ज्ञान काही आजचे नव्हे. चौदाव्या शतकात प्लेगने युरोप उजाड केला. त्यानंतर एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा या बंदराने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, १३७७ साली असा नियम केला की रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी गावात पाऊल टाकण्यापूर्वी तीस दिवस बाहेर काढावेत. पुढे तिसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरूनच क्वारंटाईन हा शब्द जगात रूढ झाला. या पद्धतीत सावधपणा होता, पण विवेक नव्हता. रोगी आणि निरोगी, दोघांनाही तेथे एकच शिक्षा होती. व्यापार खोळंबे, माल कुजे, आणि किनारा समोर दिसत असताना माणसे जहाजावर तळमळत. देशोदेशींचे वैद्य आणि मुत्सद्दी यांनी एकत्र बसून या प्रश्नाचा विचार करण्यास आरंभ केला तो १८५१ साली, पॅरिस येथील परिषदेत.

क्वारंटाईनला पर्याय हवा असेल, तर येणारा माणूस निर्धोक आहे हे सांगणारे काहीतरी प्रमाण हवे. ते प्रमाण लशीने दिले. मात्र तत्पूर्वी खुद्द लशीलाच दूरचा प्रवास करावा लागला होता. एडवर्ड जेन्नरने इंग्लंडमध्ये देवीच्या लशीचा प्रयोग केला तो १७९६ साली. ती लस जिवंत ठेवून हिंदुस्थानापर्यंत आणणे हे त्या काळी मोठे अवघड काम होते. बर्फ नाही, बंद कुपी नाही, आणि वाटेत महिनोगणती उन्हाचा प्रवास. अखेर एकाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याच्या दंडावर, अशा मानवी साखळीने ती बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. या देशातील देवीची ही पहिली यशस्वी लसटोचणी होय. देशाच्या इतर भागांत लस गेली ती तेथूनच.

मुंबईचा लशीशी असलेला संबंध येथेच संपत नाही. १८९६ साली या शहरात प्लेगने थैमान मांडले. मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या बंदरातून निघालेल्या प्रत्येक जहाजाकडे जग संशयाने पाहू लागले. १८९७ साली व्हेनिस येथे केवळ प्लेगचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच सुमारास मुंबईत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगवरील लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या राजभवनात आलेली त्यांची प्रयोगशाळा पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. आपल्या बंदराकडे जगाने संशयाने पाहणे म्हणजे काय, हे मुंबईने अशा रीतीने स्वतः अनुभवले आहे. दाखला मागणारा आणि दाखला दाखवणारा, या दोन्ही बाजू या शहराला ठाऊक आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला आणि जुने नियम अपुरे पडू लागले. जहाजाच्या लांबलचक प्रवासात दडलेला रोग वाटेतच प्रकट होत असे. विमानातून उतरणारा माणूस मात्र रोग अंगात मुरत असतानाच दुसऱ्या खंडात पोहोचू लागला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली सर्व देशांसाठी एकच नियमावली संमत केली. त्या नियमांखाली देवी, पटकी आणि पीतज्वर या तीन रोगांच्या लशीचे आंतरराष्ट्रीय दाखले प्रचारात आले. या प्रत्येक दाखल्यालाही शरीराने नेमून दिलेली मुदत होती. देवीची लस प्रथमच घेतली असेल, तर दाखला आठ दिवसांनी ग्राह्य होई आणि तीन वर्षे चाले. पटकीचा सहा दिवसांनी लागू होई आणि सहा महिन्यांत संपे. पीतज्वराचा दहा दिवसांनी. बोटीने किंवा विमानाने विलायतेस जाणाऱ्या त्या वेळच्या भारतीय विद्यार्थ्याच्या खिशात पासपोर्टाइतकेच जपून ठेवलेले हे दाखले असत.

या तिन्हींपैकी दोन दाखले आज इतिहासजमा झाले आहेत, आणि ते ज्या कारणांनी झाले ती कारणे समजून घेण्याजोगी आहेत. पटकीची त्या वेळची लस दुबळी होती. तिचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळचे असे, आणि लस घेतलेला माणूसही रोगजंतू बरोबर नेऊ शके. तेव्हा अशा दाखल्याने रोग थांबत नाही हे मान्य करून १९७३ साली तो नियम काढून टाकण्यात आला. देवीचा दाखला गेला तो नेमक्या उलट कारणाने. ती लस इतकी परिणामकारक ठरली की रोगच नाहीसा झाला. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. निसर्गतः लागण झालेला जगातील शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात. आणि ८ मे १९८० रोजी देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. एक दाखला निरुपयोगी ठरला म्हणून गेला, तर दुसरा आपले काम पुरे करून गेला. पीतज्वराचा दाखला मात्र राहिला, कारण त्याचे कारण राहिले आहे.

हे कारण भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पीतज्वर हा आफ्रिकेच्या आणि दक्षिण व मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील रोग. त्याचा विषाणू तेथील अरण्यांतील माकडांमध्ये वास करतो आणि डासांच्या द्वारे माणसांत येतो. वस्तीत तो पसरवणारा प्रमुख डास म्हणजे एडिस इजिप्ती. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा डास. कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या उघड्या पिंपात, टाकून दिलेल्या टायरात साचलेल्या स्वच्छ पाण्यात तो वाढतो. भारतात हा डास उदंड आहे. रोगाला बळी पडू शकतील अशी माणसे तर कोट्यवधी आहेत. नाही तो फक्त विषाणू. पीतज्वर भारतात आजवर कधी शिरलेला नाही. गवताची गंजी तयार आहे, वाराही आहे. ठिणगी तेवढी बाहेर आहे, अशी ही स्थिती होय. ती ठिणगी येईल तर तापाने फणफणलेल्या, किंवा अजून ताप चढायचा आहे अशा एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून येईल. त्याला येथल्या डासाने दंश केला, की पुढची साखळी सुरू व्हावयास वेळ लागणार नाही.

हा रोग किती दारुण आहे याची साक्ष इतिहास देतो. १७९३ साली अमेरिकेच्या तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, त्याने काही महिन्यांत हजारो माणसे मारली. पनामाचा कालवा खणण्याचा फ्रेंचांचा उद्योग १८८०च्या दशकात मोडला, त्यात पीतज्वराचा आणि हिवतापाचा वाटा मोठा होता. हा रोग डासामुळे पसरतो असे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडले, तेव्हा त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९०० साली हवाना येथे वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले; त्या कामात जेसी लाझिअर हा तरुण डॉक्टर प्राणास मुकला. डासांचा नायनाट केल्यावरच पनामाचा कालवा १९१४ साली खुला होऊ शकला. लस शोधण्याच्या कामीही अनेकांचा बळी पडला. अखेर मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील मॅक्स थायलर यांनी न्यूयॉर्क येथे १९३७ साली दुबळा केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. तिच्यासाठी त्यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज कंपालाला निघालेल्या तरुणाच्या दंडात जाते ती याच विषाणूच्या वंशातील लस. या रोगावर खास असे औषध अजूनही नाही. त्याच्या गंभीर अवस्थेत गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात.

म्हणून भारताचे नियम या बाबतीत कडक आहेत. विमानांसाठी १९५४ साली आणि बंदरांसाठी १९५५ साली केलेल्या आरोग्यविषयक नियमांनी या कडकपणाचा पाया घातला. पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्या प्रवाशाजवळ ग्राह्य दाखला नसेल, तर त्याला विमानतळावरूनच विलगवासात नेण्यात येते आणि तेथे सहा दिवसांपर्यंत ठेवण्यात येते. सहाच का? कारण डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः तीन ते सहा दिवस जातात. सहा दिवस ताप आला नाही, तर भीती टळली. येथेही संख्या शरीराने ठरविलेली आहे. कायद्याने तिची फक्त नोंद केली आहे. हा नियम परक्यांइतकाच स्वकीयांनाही लागू आहे. चार दिवस घरच्या लग्नासाठी आलेला मुलगा दाखल्यावाचून उतरला, तर लग्न त्याला विलगवासाच्या खोलीतूनच ऐकावे लागेल.

ही लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच ती टोचली जाते, आणि तिथलाच दाखला जगात मानला जातो. कुपीतील पूड पाण्यात विरघळवली, की ती लस थंड ठेवून सहा तासांच्या आत वापरावी लागते, नाहीतर फेकून द्यावी लागते. एका कुपीत अनेकांची लस असते. म्हणून बहुतेक केंद्रे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून, माणसे एकत्र बोलावतात. ज्याने शेवटच्या आठवड्यात चौकशी केली, त्याला नेमका पुढच्या आठवड्याचा वार मिळावा यात नवल नाही. लस एकदाच घ्यावी लागते. पूर्वी दाखला दहा वर्षांपुरता असे. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य धरला जातो, आणि जुन्या दाखल्यांनाही हा नियम लागू आहे.

मात्र ही लस सर्वांसाठी नाही. तिच्यात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि ती कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते. ज्यांना अंड्याचे तीव्र वावडे आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती रोगाने किंवा औषधाने खालावलेली आहे, अशांना ती देत नाहीत. नऊ महिन्यांखालील बालकांनाही सामान्यतः देत नाहीत. गरोदर स्त्रिया आणि साठी उलटलेली माणसे यांच्या बाबतीत डॉक्टर धोका आणि गरज दोन्ही तोलून निर्णय घेतात. आजार लपवून लस उरकून घेणे हे दाखला न घेण्याइतकेच अविचाराचे आहे. ज्याला लस देता येत नाही, त्याला डॉक्टर तसे कारण लिहून देतात. पण ते पत्र म्हणजे संरक्षण नव्हे, आणि डास पत्र वाचीत नाही.

आफ्रिकेकडे किंवा ब्राझीलकडे जाणाऱ्यांची ही गोष्ट झाली. पण आजचे बहुसंख्य भारतीय विद्यार्थी अमेरिकेस, ब्रिटनला किंवा युरोपात जातात. त्यांच्या वाटेवर पीतज्वर नाही. तेथे प्रश्न येतो तो वेगळ्या दारातून. सरकारी सीमेवर बहुधा कुणी लशीचा दाखला मागत नाही; तो मागते विद्यापीठ. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे गोवर, गालगुंड आणि रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, या तिन्ही रोगांच्या एकत्र लशीचे दोन डोस घेतल्याचा पुरावा मागतात. पुरावा नसेल, तर विद्यार्थ्याची विषयनोंदणी अडवून धरण्यापर्यंत वेळ येते.

येथे भारतीय विद्यार्थ्याची एक अनपेक्षित अडचण होते. त्याच्या आईने त्याला लहानपणी गोवराची लस दिलेली असते आणि तशी नोंदही असते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ सालापासून गोवराची लस नवव्या महिन्यात देण्यात येते. आपल्याकडे गोवर लहान वयातच गाठतो, म्हणून लस लवकर देणे योग्यच आहे. परंतु इतक्या लहान वयात आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये बाळाच्या रक्तात शिल्लक असतात आणि ती कधी कधी लशीलाच निष्प्रभ करतात. म्हणून अमेरिकन विद्यापीठे पहिल्या वाढदिवसापूर्वीचा डोस हिशेबात धरत नाहीत. शिवाय सरकारी कार्यक्रमात गालगुंडाची लस नाही, आणि रुबेलाची लस त्यात आली ती २०१७ सालापासून. तेव्हा लस घेतलेली असूनही विद्यार्थी कागदावर लसहीन ठरतो. उपाय सोपा आहे. एकत्र लशीचे दोन डोस, किमान अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने, पुन्हा घ्यावयाचे. किंवा ज्या विद्यापीठास चालेल तेथे रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती सिद्ध करावयाची. पण अठ्ठावीस दिवसांचे अंतर हे सात दिवसांत बसत नाही.

या मागणीमागे परकीयांविषयी आकस असतो असे मानण्याचे कारण नाही. गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या अत्यंत संसर्गजन्य रोगांपैकी एक होय. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसे सुरक्षित असतील, तरच उरलेल्या पाचांपर्यंत तो पोहोचत नाही. रुबेलाचे तर निराळेच. ज्याला तो होतो त्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत स्त्रीला तो झाला, तर मूल आंधळे, बहिरे किंवा हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकते. हा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली प्रथम दाखवून दिला. वर्गात शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने लस घ्यावी असा आग्रह धरला जातो, तो बहुधा अशा कुणासाठी असतो, ज्याला त्या विद्यार्थ्याने कधी पाहिलेलेही नसते.

वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी आणखी एका लशीचा विचार करावा लागतो. मेनिंगोकॉकस या जंतूमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह दुर्मीळ आहे, पण तो काही तासांत प्राणावर बेततो. हा जंतू निरोगी माणसाच्या घशातही असू शकतो, आणि निरनिराळ्या गावांहून आलेली तरुण मुले एका छपराखाली राहू लागली की त्याला पसरावयास वाव मिळतो. ब्रिटनने २०१५ साली कुमारवयीन मुलांसाठी आणि विद्यापीठात प्रथमच दाखल होणाऱ्या तरुणांसाठी याच कारणाने चार प्रकारांवरची लस सुरू केली. हाजच्या यात्रेकरूंना सौदी अरेबिया हीच लस सक्तीची करते, तीही तेथे पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. दहा दिवसांचा हिशेब येथेही आहेच.

वैद्यकीय किंवा परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्यांना कावीळ ब या रोगाची लस लागते. तिचे तीन डोस सामान्यतः सहा महिन्यांत पुरे होतात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहू इच्छिणाऱ्या भारतीयास व्हिसापूर्वी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. त्वचेवर करावयाच्या क्षयाच्या चाचणीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जन्मतः बीसीजीची लस घेतलेल्या माणसात ही चाचणी रोग नसतानाही सूज दाखवू शकते. म्हणून अशा विद्यार्थ्याने बीसीजी घेतल्याचे आधीच सांगावे. अशांसाठी रक्ताची चाचणी अधिक विश्वसनीय मानली जाते.

हे सर्व वाचून कुणी घाबरण्याचे कारण नाही. हवी असते ती फक्त दिनदर्शिका. प्रवेशाचे पत्र येताच विद्यापीठाने मागितलेल्या लशींची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. सहा महिने हाती असतील, तर काविळीच्या लशीसह सारे काही निवांतपणे होते. दोन महिने असतील, तर गोवराच्या एकत्र लशीचे दोन्ही डोस होतात. पीतज्वराची लस आणि गोवराची लस दोन्ही जिवंत विषाणूंच्या असल्याने त्यांच्यात चार आठवड्यांचे अंतर ठेवणे इष्ट असते. हेही वेळ हाती असेल तरच साधते. जुना लसीकरणाचा कागद आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, बहुधा सापडतो. तो शोधून काढावा आणि त्याची प्रत करून घ्यावी. नवा दाखला भरला जात असताना नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहिले आहे ना, लशीचा घट क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का आहे ना, हे तेथेच पाहावे, आणि आपली सही करावी. खाडाखोड केलेला दाखला रद्द ठरू शकतो.

अशा कागदाची किंमत किती, हे कोविडच्या साथीत साऱ्या जगाला कळले. २०२१ साली कोविशील्ड या पुण्यात तयार झालेल्या लशीच्या दोन डोसांतील अंतर भारतात चौऱ्याऐंशी दिवसांपर्यंत वाढविण्यात आले होते, आणि विद्यापीठे तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडणार होती. तेव्हा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा त्या वर्षी जूनमध्ये देण्यात आली. ती देतानाही अठ्ठावीस दिवसांच्या खाली कुणी गेले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने भारताचे दाखले मानण्याचे नाकारले. लस मान्य होती, शंका होती ती दाखल्याविषयी. भारतानेही तसेच उत्तर दिले, आणि काही दिवसांतच दोन्ही बाजूंचे निर्बंध उठले. देशादेशांतील व्यवहारात दाखला हा अखेर विश्वासाचा प्रश्न आहे, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

म्हणूनच मागची तारीख घालून घेतलेला किंवा पैसे देऊन मिळविलेला दाखला ही क्षुल्लक लबाडी नव्हे. तो विमानतळावरील अधिकाऱ्याला फसवू शकेल, पण विषाणूला फसवू शकणार नाही. आणि असे दाखले निघतात असा बोभाटा एकदा झाला, की त्या देशातून येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसाच्या कागदाकडे संशयाने पाहिले जाते. एकाच्या उतावळेपणाची किंमत मग हजारांना मोजावी लागते.

कंपालाचा तो तरुण आठवडाभर उशिरा गेला. वर्षभराने तो सुट्टीवर मुंबईस परत येईल. विमानतळावरील आरोग्य अधिकारी त्याची पिवळी पुस्तिका उघडतील, तारीख पाहतील आणि ती परत देतील. त्याला अर्धा मिनिटही लागणार नाही. मग टॅक्सी करून तो घरी जाईल. जिन्यातल्या पिंपात पाणी साचलेले असेल, संध्याकाळी खिडकीतून डास येतील, शेजारची लहान मुले त्याच्या भोवती गोळा होतील. त्या डासांनी त्याला चावून नंतर त्या मुलांना चावले, तरी पीतज्वराची भीती नसेल. कारण एक वर्षापूर्वी दहा दिवस थांबावयास एका डॉक्टराने त्याला भाग पाडले होते.